हातचा एक

मेथीच्या वाफ्यात खुरपं चालवताना ती हाताला लागली. आधी वाटलं बाटलीचं झाकण असेल. इथल्या मातीत बाटल्यांची झाकणं, चिनी मातीच्या कपबशांचे निळे-पांढरे तुकडे आणि मातीच्या चिलमींच्या नळ्या इतक्या निघतात की पहिले सहा महिने मी त्या गोळा करत होतो, मग सोडून दिलं. पण ही चकती अंगठ्यानं चोळली तर कडेला अक्षरं लागली. गोलाकार कोरलेली अक्षरं म्हणजे नाणं, हे कुठल्याही शाळकरी पोराला कळतं. आणि मातीतून निघालेलं पिवळसर नाणं म्हणजे काय, हे सांगायला शाळेतसुद्धा जावं लागत नाही. खोटं कशाला बोलू, मी आधी इकडेतिकडे बघितलं. शेजारच्या वाफ्यावरचा म्हातारा त्याच्या वालपापडीला काठ्या बांधत होता. मी चकती खिशात टाकली.

हा वाफा म्हणजे इथं ज्याला अलॉटमेंट म्हणतात तो. नगरपालिका गावाबाहेरच्या जमिनीचे तुकडे पाडून भाड्यानं देते आणि मोजमाप अजून जुनंच, रॉडमध्ये. पूर्ण तुकडा दहा रॉडचा, म्हणजे अडीचशे चौरस मीटरच्या आसपास. आमचा निम्मा. इंग्लंडच्या मध्यभागातलं हे गाव, दिवसा ऑफिसात दुसऱ्यांचे हिशेब तपासायचे आणि शनिवारी मेथी-कोथिंबीर. मी पेशानं हिशेबनीस आहे, हे इथंच सांगून ठेवतो.

घरी आणून नळाखाली धरली. रुपयाच्या जुन्या नाण्याएवढी, पण पापडासारखी पातळ. बायकोनं दिव्याखाली धरून निकाल दिला, "कलश आहे." खरंच एका बाजूला गोल तांब्यासारखं काहीतरी, त्याच्या पोटावर आडवा पट्टा, डोक्यावर नारळाच्या जागी क्रूस, आणि भोवती तीन पाकळ्यांची महिरप. दुसऱ्या बाजूला मधोमध एक फूल आणि त्याच्याभोवती आलटून पालटून तीन मुकुट आणि तीन कमळाच्या कळ्यांसारखं काहीतरी. "ही तर रांगोळी," ती म्हणाली. "हळदीकुंकवाच्या डबीचं झाकण असेल." जुन्या काळी इंग्लंडात हळदीकुंकू कोण करत होतं, हे विचारायचं मी टाळलं.

मग मी ती चूक केली. हिरवट-तपकिरी थर चढलेला, अक्षरं वाचता येईनात. पितळ काळं पडलं की आई काय करते? आईनंच बार्शीहून दिलेल्या चिंचेचा गोळा कोमट पाण्यात भिजवला, चिंचोके बाजूला काढले, मीठ घातलं आणि अंगठ्यानं घासायला घेतलं. अर्धी चकती दिवाळीतल्या समईसारखी लखलखली. उरलेली अर्धी घासणार तेवढ्यात फोन आला. त्या फोनचे उपकार.

आता अक्षरं वाचता येऊ लागली, पण अर्थ लागेना. गोल मजकूर नेमका कुठून सुरू होतो हे माहीत नसेल तर काय होतं, याचा अनुभव घ्यायचा असेल तर "सांगली" हा शब्द गोलात लिहून "लीसांग" वाचून बघा. मी दोन दिवस "विंकेल इन नुर हान्स क्राव्ह" असा कुणी राजा शोधत होतो. युक्ती नंतर कळली. चित्र सरळ धरायचं, वरच्या टोकाला बारीक फूल किंवा क्रूस कोरलेला असतो, तिथून घड्याळाच्या दिशेनं वाचायचं. आणि जिथं यू हवा तिथं व्ही असतो, कारण त्या काळी मोठ्या अक्षरांत दोघांना एकच चिन्ह होतं. असं वाचल्यावर राजा नाहीसा झाला आणि एक माणूस उभा राहिला: हान्स क्राउविंकेल, न्यूरेंबर्ग.

इंग्लंड आणि वेल्समध्ये जमिनीत सापडलेल्या वस्तूंची नोंद करणारी एक सरकारी योजना आहे, पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम. 1997 साली सुरू झाली. प्रत्येक भागात तिचा अधिकारी असतो, तुम्ही वस्तू नेऊन दाखवायची, तो ती ओळखतो, मोजतो, फोटो काढतो आणि सगळ्यांना बघता येईल अशा यादीत टाकतो. या यादीत आता पंधरा लाखांहून जास्त वस्तू आहेत. सोन्या-चांदीचं जुनं काही निघालं तर कायद्यानं चौदा दिवसांत कळवावं लागतं. मी तिसऱ्याच दिवशी अपॉइंटमेंट घेतली. प्रामाणिकपणा म्हणा किंवा धास्ती.

आमच्या भागाच्या अधिकारी बाईंनी चकती तळहातावर घेतली, उलटी केली, आणि दहा सेकंदांत म्हणाल्या, "न्यूरेंबर्गचं जेटॉन. रोझ-ऑर्ब. छान आहे." मग लखलखणाऱ्या अर्ध्या भागाकडे बघून थोडा वेळ गप्प बसल्या. "हे तुम्ही केलंत?" मी चिंचेचं सांगितलं. त्यांनी अगदी सौम्यपणे समजावलं की धातूवरचा तो थर म्हणजे घाण नव्हे, ती त्याची कातडी असते, ती गेली की खालचे बारीक कोरीव तपशीलही झिजतात. पुढच्या वेळी साध्या पाण्याच्या पलीकडे जाऊ नका. मला शाळेत वहीवर शाई सांडल्यावर वाटायचं तसं वाटलं. त्यांनी कॅलिपरनं व्यास घेतला, चोवीस मिलिमीटर. काट्यावर ठेवली, सव्वा ग्रॅमच्या आतबाहेर. मग कपाटातून एक जाडजूड सूची काढली, मायकल मिचिनर यांची. या नावानं मी चमकलो, कारण दक्षिण भारतातल्या नाण्यांवर जाडजूड खंड लिहिणारे मिचिनर ते हेच. एकाच माणसानं चोळांची नाणीही लावली आणि जर्मन चकत्याही.

"म्हणजे किती जुनं नाणं?" मी विचारलं.

"नाणं नाही हे," त्या म्हणाल्या. "हे कधीच पैसे नव्हते."

संध्याकाळी आईला व्हिडिओवर दाखवलं. चारशे वर्षांपूर्वीचं, जर्मनीतलं, पितळेचं. तिनं चष्मा लावून बघितलं. "किती येतील?" म्हटलं, पाच-दहा पौंड, फार तर. नाणं नाहीच मुळी, हिशेब करताना मोजायला वापरायचे. आई म्हणाली, "म्हणजे चिंचोका."

यापेक्षा चांगली व्याख्या मी अजून वाचलेली नाही.

पत्ते खेळताना पैशांच्या जागी चिंचोके लावतात, लहान मूल चिंचोके मांडून मोजायला शिकतं. चिंचोक्याला स्वतःची किंमत नसते, म्हणूनच तो कशाचीही किंमत घेऊ शकतो. कवडीचं तसं नाही. कवडी एके काळी खरोखर चलन होती, बाजारात तिला भाव होता, आणि तो उतरत उतरत शेवटी "कवडीमोल" या शब्दापुरता राहिला. जेटॉनचा भाव पहिल्यापासूनच नव्हता, त्यामुळे उतरायला काही नव्हतं. फ्रेंचमध्ये "जते" म्हणजे टाकणे, फेकणे; टेबलावर टाकून हिशेब करायचा, म्हणून जेटॉन. आपण हिशेब टाकत नाही, मांडतो. पण मांडायला काहीतरी लागतं, आणि युरोपात ते हे होतं.

या चकत्या वापरायच्या कशा, हे समजल्याशिवाय त्या ओळखण्यात मजा नाही. टेबलावर, कापडावर किंवा नुसत्या खडूनं आडव्या रेघा मारायच्या. सगळ्यात खालची रेघ एकाची, तिच्या वरची दहाची, मग शंभराची, मग हजाराची. हजाराच्या रेघेवर ओळखीसाठी फुली. दोन रेघांमधली मोकळी जागाही वापरायची: एक आणि दहाच्या मधली पाचाची, दहा आणि शंभराच्या मधली पन्नासाची, तिच्या वरची पाचशेची. बास. आता तीच चकती खालच्या रेघेवर ठेवली तर एक, वरच्या जागेत सरकवली तर पाच, आणखी वर शंभर. चकती तीच, रुपया तोच म्हणा, फक्त बसायची जागा बदलली. अथेन्सच्या सोलोनच्या नावावर एक वाक्य सांगतात की सत्ताधीशांच्या जवळची माणसं हिशेबाच्या खड्यांसारखी असतात, कधी त्यांची किंमत फार, कधी अगदी थोडी. अडीच हजार वर्षांपूर्वीची गोष्ट. ज्यानं कुणी सरकारी कचेरीत साहेबाच्या पीएची बदली झालेली पाहिली असेल, त्याला हे समजावून सांगायला नको.

खडे म्हणजे लॅटिनमध्ये कॅल्क्युलस. आपल्या खिशातला कॅल्क्युलेटर तिथून आला. दुकानातला काउंटर हाही मुळात हिशेब मांडायचं टेबल, आणि बँक म्हणजे इटलीतल्या सराफाचं बाकडं. पण मला सगळ्यात आवडलं ते इंग्लंडच्या खजिन्याचं. इथल्या अर्थमंत्र्याला आजही चॅन्सेलर ऑफ द एक्सचेकर म्हणतात. बाराव्या शतकात राजाच्या महसुलाचा हिशेब ज्या टेबलावर व्हायचा ते दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद होतं आणि त्यावर चौकटींचं कापड अंथरलेलं असायचं. पेन्स, शिलिंग, पौंड, वीस पौंड, शंभर, हजार असे रकाने, त्यात चकत्या सरकवायच्या. वसुली आणणारा शेरीफ एका बाजूला, खजिन्याची माणसं समोर. बुद्धिबळाच्या पटासारखं दिसायचं म्हणून त्याला बुद्धिबळाचंच नाव पडलं. त्या नावाच्या मुळाशी फारसी "शाह" आहे. आपण "शह" म्हणतो तो हाच. चतुरंगाचा पट भारतातून इराणमार्गे तिथवर गेला आणि इंग्लंडचा खजिना त्याच्या नावानं ओळखला जाऊ लागला. अर्थसंकल्पावर ऑफिसात चर्चा चालते तेव्हा मला आता मध्येच शह-काटशह ऐकू येतं.

तर हान्स क्राउविंकेल. न्यूरेंबर्ग हे धातूकामाचं शहर, आणि तिथं फक्त मोजायच्या चकत्या पाडणारे कारागीर होते, त्यांचं जर्मन नावही तेच: रेखेनफेनिग, म्हणजे हिशेबाचा पैसा, पाडणारे. घराणी ठरलेली, शुल्टेस, क्राउविंकेल, लाउफर. आपल्याकडच्या तांबट आळीसारखं, मुलगा बापाचा ठोकणी-हातोडा उचलायचा. माझ्या चकतीवरचा हान्स हा त्या नावाचा दुसरा. 1586 साली तो स्वतंत्र कारागीर झाला आणि 1635 पर्यंत त्याचं काम चाललं. म्हणजे शिवाजी महाराज शिवनेरीवर जन्मले तेव्हा हा म्हातारा न्यूरेंबर्गमध्ये पितळ ठोकत होता. त्याच्या चकत्या इतक्या स्वस्त आणि इतक्या प्रचंड संख्येनं निघाल्या की फ्रान्स आणि तूर्ने (आता बेल्जियममधलं गाव) इथल्या कारागिरांचा धंदा न्यूरेंबर्गवाल्यांनी बसवला. इंग्लंडची शेतं त्यांनी भरलेली आहेत. गावातला केरकचरा आणि शेणखत शेतात पडायचं, त्यातून या चकत्या गेल्या. अमेरिकेत 1607 साली इंग्रजांनी जेम्सटाउन वसवलं, तिथल्या उत्खननातही न्यूरेंबर्गच्या चकत्या निघाल्या आहेत.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. पण त्या काळी युरोपात सुटं जस्त काढत नसत. जस्ताचं खनिज कोळशाबरोबर तांब्यात भट्टीत घालायचे आणि जस्त परस्पर तांब्यात मुरवायचे. सुटं जस्त त्याच्या कितीतरी आधी राजस्थानात, उदयपूरजवळच्या झावरला काढत होते, वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशींमधून. त्या वापरून टाकलेल्या मुशींचे ढीग तिथं अजून आहेत. हे इथं सांगायचं खरं तर काही कारण नाही, पण वांग्याच्या आकाराची मूस हा शब्दप्रयोग मला सोडवेना.

माझा कलश म्हणजे "रोझ-ऑर्ब"मधला ऑर्ब, राजगोल, पृथ्वीचा गोळा आणि त्यावर क्रूस, सम्राटाच्या सत्तेचं चिन्ह. दुसऱ्या बाजूचं फूल गुलाब, कळ्या म्हणजे लिली. गुलाबाच्या बाजूला कारागिराचं नाव आणि गाव. राजगोलाच्या बाजूला एक ओळ, आणि ती वाचून मी खुर्चीत नीट बसलो: "गोटेस सेगन माख्ट राइश." देवाचा आशीर्वाद श्रीमंत करतो. बार्शीला आजोबांची आडत होती. दिवाळीत नवी कीर्द उघडली की पहिल्या पानावर कुंकवानं स्वस्तिक आणि दोन्ही बाजूंना "शुभ" आणि "लाभ". हान्सनं तेच लिहिलं होतं, फक्त दर चकतीवर. दुसऱ्या काही चकत्यांवर त्याचीच आणखी एक ओळ मिळते, "आज लाल, उद्या मेला", अर्थात आज गालावर लाली आहे, उद्याचं काही सांगता येत नाही. हिशेब करता करता माणसाला हे वाचायला लावणारा कारागीर मला आवडला. माझ्या ऑफिसातल्या एक्सेलवर असं काही येत नाही.

एक कबूल करायला हवं. ही चकती ओळखणं सोपं होतं, कारण तिच्यावर नाव होतं. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या न्यूरेंबर्गी चकत्यांवर बरेचदा नावच नसतं, आणि मजकूर नुसता अक्षरांची मिसळ असतो. ज्याला वाचता येत नाही त्याला अक्षरांसारखं काहीतरी दिसलं की पुरे, असा साधा हिशेब. तशा चकतीवर लोक महिना महिना डोकं फोडतात आणि शेवटी कळतं की वाचायला तिथं काही नव्हतंच. जुन्या फ्रेंच चकत्या मात्र बोलक्या. एकीवर "चुकीचं मोजू नकोस" असा दम, दुसरीवर "मी पितळेची आहे" अशी सरळ कबुली. कबुलीची गरज होती. तेराव्या-चौदाव्या शतकातल्या इंग्रजी चकत्यांच्या मधोमध मुद्दाम भोक किंवा खळगा पाडलेला असतो, कुणी त्यांना चांदीचा मुलामा देऊन पेनी म्हणून खपवू नये म्हणून. म्हणजे तुमच्या हातात मधोमध टोचलेली जुनी पितळी चकती आली तर तिला छिद्र पडलंय म्हणून हळहळू नका. ते छिद्र हाच पुरावा.

आणि जाड, भक्कम, अलीकडच्या अक्षरवळणाचं पितळी "नाणं" सापडलं, त्यावर ढालीचं चित्र आणि 1797 साल असेल, तर तो बहुतेक एकोणिसाव्या शतकातला पत्त्यांचा खोटा पैसा. त्यावर "जुन्या चांगल्या दिवसांच्या स्मरणार्थ" असंही छापलेलं असतं. दुकानदाराचं नाव, गाव आणि धंद्याची खूण असलेली बारकी चकती निघाली तर गोष्ट आणखी निराळी. सुट्या पैशांची टंचाई झाल्यावर इंग्लंडातल्या दुकानदारांनी 1649 ते 1672 या काळात स्वतःच सुटे पाडले. ते खरोखर चालायचे. आपल्याकडे किराणावाला सुट्याऐवजी चॉकलेट टेकवतो, त्याचा जरा जास्त प्रामाणिक प्रकार. 1672 साली सरकारनं स्वतःची तांब्याची खुर्दा नाणी काढल्यावर ते बंद झालं.

न्यूरेंबर्गच्या चकत्यांत माझी आवडती माझ्याकडे नाही. तिच्यावर एका बाजूला हिशेबाच्या टेबलाशी बसलेला पंतोजी आहे आणि दुसऱ्या बाजूला चौकटीत अख्खी ए-बी-सी-डी. 1550 च्या आसपासची. मोजणं आणि वाचणं, दोन्ही एका चकतीत. तिला मुळाक्षरांची पाटीच म्हणायची.

आता गंमत बघा. हान्स क्राउविंकेल चकत्यांचा पाऊस पाडत होता, तेव्हा त्या आधीच जुन्या झाल्या होत्या. त्याच्या जन्माआधीच, 1522 साली, आडाम रीझ या हिशेबाच्या मास्तरनं एक क्रमिक पुस्तक काढलं, अर्धं "रेघांवरचा" हिशेब आणि अर्धं "लेखणीचा". लेखणीचा म्हणजे आपला, उभी मांडणी करून, नऊ अंक आणि शून्य घेऊन. जर्मन माणूस आजही बेरीज अचूक आहे हे ठासून सांगताना "आडाम रीझच्या मते" म्हणतो. त्याच्याही आधी 1202 साली पिसाच्या लिओनार्दोनं ग्रंथ लिहून इटलीतल्या व्यापाऱ्यांना भारतीयांचे नऊ आकडे आणि एक दहावं चिन्ह शिकवलं होतं. "शून्य" अरबीत "सिफ्र" झालं, त्यानं त्याचं "झेफिरम" केलं, आणि तेच पुढं झिजत झिजत झिरो. तरीही लोकांना ते पचायला शतकं लागली. फ्लॉरेन्सच्या सराफांच्या संघानं 1299 साली वहीत हे आकडे वापरायला बंदी केली होती. रोमन आकड्यांत खाडाखोड कठीण, आणि या शून्याला शेपटी लावली की सहा किंवा नऊ, म्हणून. हिशेबनीस म्हणून माझी सहानुभूती त्या सराफांच्या बाजूनं आहे. आपणही चेकवर आकड्यांनंतर अक्षरी लिहितो आणि पुढं "फक्त" घालतो, ती भीती तीच.

1503 साली जर्मनीत छापलेल्या एका ज्ञानग्रंथात एक चित्र आहे. मधे अंकगणिताची देवी, एका बाजूला आकडे लिहून हिशेब करणारा, दुसऱ्या बाजूला चकत्या मांडणारा. लिहिणाऱ्याचा चेहरा खुललेला, चकतीवाल्याचा आंबट. निकाल त्या चित्रानं देऊन टाकला होता. पण माणसं निकाल ऐकून सवयी बदलत नाहीत. शेक्सपियरच्या एका नाटकात मेंढपाळाचा पोरगा पंधराशे मेंढ्यांच्या लोकरीचा हिशेब करायला जातो, अकरा मेंढ्यांमागे इतकी लोकर, तिचे इतके शिलिंग, आणि अडकतो. चकत्यांशिवाय हे मला जमायचं नाही, म्हणतो. प्रेक्षकांना हसू आलं असेल, पण त्यातल्या निम्म्यांना तरी तो हिशेब तोंडी येत नसणार. अकरानं भागायचं आणि एकवीसनं गुणायचं, तेही बारा पेन्सचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड.

आजोबांना आला असता. त्यांच्या डोक्यात पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, औटकी असे सगळे पाढे होते. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै, आणि समोर पोत्यात तूर. 1957 च्या एप्रिलात नवे पैसे आले तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं, एक आजोबा सोडून. त्यांचं म्हणणं, रुपयाचे शंभर पैसे केले तर रुपयाचा तिसरा हिस्सा कधीच पुरा लागायचा नाही. (आणे-पैत लागतो. पाच आणे चार पै. मी करून बघितलं.) इथं 1971 च्या फेब्रुवारीत तेच झालं, आणि शेजारच्या वाफ्यावरचा म्हातारा अजून तेच म्हणतो.

चकत्यांनी हिशेब कसा होतो, हे वाचून मला कळलं होतं, पण हाताला कळलं नव्हतं. एका रविवारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागदी चिकटपट्टीच्या चार आडव्या रेघा मारल्या. जेटॉन एकच. बाकी भरती करायला ते घासताना बाजूला काढलेले चिंचोके होते, धुऊन वाळवून बरणीत ठेवलेले. का ठेवले होते, माहीत नाही. चिंचोके टाकवत नाहीत.

278 अधिक 145. डावीकडे पहिली संख्या मांडली: शंभराच्या रेघेवर दोन, पन्नासाच्या जागेत एक, दहाच्या रेघेवर दोन, पाचाच्या जागेत एक, एकाच्या रेघेवर तीन. उजवीकडे दुसरी: शंभरावर एक, दहावर चार, पाचात एक. आणि मग बेरीज करायची म्हणजे काय, तर दोन्ही ढीग एकत्र सरकवायचे. झाली बेरीज! पाढा नाही, पाठांतर नाही. उरली ती आवराआवर. पाचाच्या जागेत दोन जमले, ते दोन्ही उचलले, एक वर दहाच्या रेघेवर ठेवला. दहावर आता सात. त्यातले पाच उचलले, एक पन्नासात ठेवला. पन्नासात दोन झाले, ते उचलले, एक शंभरावर. बघितलं तर शंभरावर चार, दहावर दोन, एकावर तीन. 423.

मी दुसऱ्यांदा केलं ते उत्तर तपासायला नाही. पाच उचलून एक वर ठेवेपर्यंतचा जो क्षण असतो, त्यासाठी. चिंचोके मुठीत असतात. खालच्या रेघेचे नाहीत, वरच्या रेघेचे अजून झालेले नाहीत. बार्शीच्या शाळेत दुसरीत बाई फळ्यावर म्हणायच्या, "आठ नि पाच तेरा, तेराचे तीन, हातचा एक", आणि आम्ही सगळे डाव्या हाताचं एक बोट मुडपायचो. पुढं बोट मुडपणं गेलं, कागदावर बारीक एक लिहिणं आलं, मग तेही गेलं. शब्द राहिला. चाळीस वर्षं मी हातचा म्हणत होतो आणि हातात कधीच काही नव्हतं. त्या रविवारी होतं.

तो शब्द असल्या चकत्यांमधून आला असं मला अजिबात म्हणायचं नाही, आपला शब्द आपल्या बोटांमधूनच आला असणार. पण हान्सची चकती मुठीत असताना तो पहिल्यांदा वजनासकट कळला. सव्वा ग्रॅम.

मुलगी आठ वर्षांची, तिसरीत. ती शेजारी येऊन उभी राहिली. तिच्या शाळेत हे असतं, प्लास्टिकच्या रंगीत चकत्या. प्रत्येक चकतीवर छापलेलं असतं: एक, दहा, शंभर. दहा एकवाल्या देऊन एक दहावाली घ्यायची. तिनं जेटॉन उचललं, दोन्ही बाजूंनी बघितलं, लखलखती बाजू आणि काळपट बाजू.

"बाबा, याच्यावर नंबरच नाहीये."

"नसतो."

"मग कळणार कसं, हे किती आहे?"

मी ते खालच्या रेघेवर ठेवलं. आता किती? तिनं रेघा मोजल्या. "एक." वर सरकवलं. "दहा. नाही, थांब, पाच. मग दहा." मग तिनंच बोटानं ढकलत नेलं, पन्नास, शंभर, पाचशे, पुन्हा खाली पाच, पुन्हा वर. गुलाब वर असला काय आणि राजगोल वर असला काय, फरक पडत नाही हे तिनं स्वतःच उलटंपालटं करून तपासलं. थोडा वेळ तिची खात्री होईना. "शाळेतल्या दहाच्या चकत्या एकच्या घरात ठेवल्या तरी दहाच राहतात," ती म्हणाली. खरंय. त्यांना आपली किंमत पाठ असते.

मग तिनं मला 999 मध्ये एक मिळवायला लावला. ते तुम्ही घरी करून बघा. एका चिंचोक्यानं अख्खं टेबल रिकामं होत जातं, मुठी भरत जातात, आणि शेवटी फुलीच्या रेघेवर एकटं जेटॉन उरतं.

"चला, पानं घ्यायची आहेत," बायको आतून म्हणाली. "आवरा ते."

मी चिंचोके बरणीत भरले. मुलीनं जेटॉन उचलू दिलं नाही. "ते हजार आहे," ती म्हणाली, "हलवू नका." बायकोनं एक हात टेबलावर फिरवून जागा केली आणि आमटीचं पातेलं चिकटपट्टीवरच टेकवलं.

मुलीनं वाकून रेघ बघितली. "मग आमटी दहा."